कोळंबीचे क्रुपुक: ओल्या पिठापासून तळणीपर्यंत

इंडोनेशियात पानात भात वाढला की सोबत काहीतरी कुरकुरीत लागतेच, आणि बहुतेक वेळा तो क्रुपुक असतो. क्रुपुकचे प्रकार पुष्कळ आहेत: तांदळाचे, लसणाचे, मासळीचे, अगदी जनावराच्या कातड्याचेसुद्धा. त्यांत मान मोठा तो कोळंबीच्या क्रुपुकला. पूर्व जावातील सुराबाया शहराला लागून असलेला सिदोआर्जो जिल्हा त्यासाठी नावाजलेला आहे. ब्रांतास नदीच्या त्रिभुज प्रदेशात मचूळ पाण्याची तळी राखून तिथे टायगर कोळंबी आणि बांदेंग नावाचा मासा पाळतात, आणि या दोघांनाही जिल्ह्याच्या बोधचिन्हावर जागा मिळाली आहे.

हे क्रुपुक पहिल्यांदाच घरी करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कृती लांब असली तरी अवघड नाही. मात्र ती नेमकी कुठे बिघडते हे आधी कळले तर कोळंबीही वाया जात नाही आणि दोन दिवसांचे ऊनही. त्यासाठी क्रुपुक का फुलतो ते थोडक्यात समजून घ्यावे. टॅपिओकाच्या, म्हणजे साबुदाणा ज्यापासून करतात त्या पिठाला पाणी आणि उष्णता मिळाली की साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला त्याचे कण फुगतात आणि एकजीव, चिवट गोळा तयार होतो. तो कापून वाळवला की कडक, अर्धपारदर्शक चकत्या होतात, पण त्यांत शंभरातला दहाएक भाग पाणी उरलेले असते. अशी चकती कडकडीत तेलात पडली की क्षणभर मऊ होते, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ चकतीला आतून फुगवते, आणि पाणी संपताच फुगलेला आकार तसाच कडक होतो. कुरडई आणि साबुदाण्याच्या पापड्या याच न्यायाने फुलतात. म्हणजे क्रुपुकचे सगळे गणित दोन गोष्टींवर येते: पीठ आतपर्यंत शिजले आहे का, आणि वाळलेल्या चकतीत पाणी नेमके किती उरले आहे. चव, रंग, आकार हे सगळे त्यानंतरचे.

१. आधी एक तयार पाकीट तळून पाहा

घरी करण्याआधी विकतचे कच्चे, म्हणजे वाळवलेले पण न तळलेले, क्रुपुक एकदा तळून पाहावेत. चांगला क्रुपुक किती फुलतो आणि किती हलका लागतो हे डोळ्यांनी आणि जिभेने कळल्याशिवाय आपले जमले की नाही हे ठरवता येत नाही. सिंगापूर आणि मलेशियात ते कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ‘तोको’ नावाच्या आशियाई दुकानांत सहज मिळतील, कारण इंडोनेशिया डचांच्या ताब्यात असताना हा पदार्थ त्यांच्या खाण्यात जो रुळला तो आजही तसाच आहे. भारतात मोठ्या शहरांतील परदेशी किराणा ठेवणाऱ्या दुकानांत किंवा ऑनलाइन शोधावे लागते.

पाकीट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. इंडोनेशियन पाकिटावर ‘मेंताह’ लिहिलेले असेल तर माल कच्चा आहे आणि तो तळावा लागतो. ‘उदांग’ म्हणजे कोळंबी आणि ‘इकान’ म्हणजे मासा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तिच्यात कोळंबी मीठ-साखरेच्याही खाली गेली असेल तर त्या पाकिटात टॅपिओका आणि चव वाढवणारी पूड यांखेरीज फारसे काही नाही असे खुशाल समजावे. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या चकत्यांच्या मिश्र पाकिटांबाबतही माझे मत फारसे चांगले नाही. मुलांना त्या आवडतात, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येते.

आपल्याकडच्या खाणाऱ्यांसाठी एक इशारा इथेच देतो. ‘क्रुपुक कुलित’ हा प्रकार गाईच्या किंवा म्हशीच्या कातड्याचा असतो आणि दिसायला इतका निरुपद्रवी असतो की न विचारता सहज तोंडात जातो. शाकाहारी माणसाने लसणाचा क्रुपुकही निर्धास्तपणे खाऊ नये, कारण त्यात कोळंबी किंवा मासळी घातलेली असू शकते. मेलिंजो नावाच्या बिया चेचून केलेले ‘एंपिंग’ हा त्यांच्यासाठी बरा पर्याय आहे. किंचित कडवट, पण खमंग. सोबतच्या सांबाल चटणीत मात्र बऱ्याचदा कोळंबीची आंबवलेली लगदी असते, ते विचारूनच घ्यावे.

२. साहित्य आणि साधने

पहिल्या खेपेला खालील प्रमाण पुरे. यातून साधारण ३०० ग्रॅम कोरडे क्रुपुक होतात, आणि तळल्यावर त्यांनी मोठे पातेले भरते.

- सोललेली, साफ केलेली कोळंबी: २५० ग्रॅम
- टॅपिओका स्टार्च: २५० ग्रॅम, आणि मळताना हाताला लावायला आणखी मूठभर
- लसूण: ३ ते ४ पाकळ्या
- मीठ: ७ ग्रॅम, म्हणजे साधारण सव्वा छोटा चमचा
- साखर: एक छोटा चमचा
- पांढरी मिरपूड: अर्धा छोटा चमचा
- तळणीसाठी तेल: शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे; इंडोनेशियात पामतेल किंवा खोबरेल वापरतात
- मिक्सर, वजनकाटा, मोदकपात्र किंवा मोठे इडलीपात्र, पातळ धारदार सुरी, सुती कापड, जाळी, खोल कढई आणि झारा

वजनकाटा हौस म्हणून लिहिलेला नाही. तो पुढे वाळवणाच्या वेळी फार उपयोगी पडणार आहे.

पिठाबाबत गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लागतो तो कसाव्याच्या कंदातून धुऊन काढलेला शुभ्र स्टार्च. तमिळनाडूत सेलमच्या परिसरात साबुदाण्याच्या धंद्यासाठी जो तयार होतो, तोच हा पदार्थ. अख्खा कंद वाळवून दळलेले पीठ वेगळे. त्यात चोथा असतो आणि क्रुपुक जाडाभरडा होतो. घरातला साबुदाणा दळून वापरण्याचा मोह टाळावा, कारण साबुदाणा करतानाच त्यातला काही स्टार्च शिजलेला असतो आणि पीठ हाताला अनावर चिकटते. कॉर्नफ्लोअरने फुलोरा कमी येतो. ‘अरारूट’ म्हणून मिळणारे पीठ नेमके कशाचे आहे हे पाकिटावर वाचल्याशिवाय घेऊ नये.

सोडा, पापडखार यांची काहीच गरज नाही. टाकणखाराचे तर नावही काढू नये. कुरकुरीतपणासाठी तो क्रुपुकमध्ये घालण्याची खोड इंडोनेशियातही काहींना होती, आणि अन्नात तो वापरण्यावर तिथे बंदी आहे.

३. कोळंबी निवडणे आणि वाटणे

मोठ्या कोळंबीवर पैसे घालवू नयेत. वाटायचीच असल्याने लहान, पण ताजी घ्यावी. करंदी चालते. जवळाही चालतो, जावाच्या उत्तर किनाऱ्यावर ‘रेबॉन’ नावाच्या अशाच बारीक कोळंबीचे क्रुपुक करतात, त्यांची चव अधिक उग्र आणि रंग करडा होतो. शिळेपणाचा वास वाळवताना जात नाही, उलट दाट होतो. म्हणून कोळंबी थोडी जरी शंकास्पद वाटली तरी त्या दिवशी तिची आमटीही करू नये आणि क्रुपुकही करू नयेत.

टरफले आणि पाठीतला काळा दोरा काढून कोळंबी धुवावी आणि मग कापडात दाबून अगदी कोरडी करावी. कोळंबीच्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग मुळातच पाण्याचा असतो आणि पीठ भिजायला तेवढे पुरते. धुतल्याचे पाणी वर राहिले तर पीठ सैल होते आणि लोळ्या वळता येत नाहीत. लसूण, मीठ, साखर आणि मिरपूड घालून कोळंबी लोण्यासारखी वाटावी. मीठ वाटतानाच घालावे, त्याने वाटण चिकट आणि बांधलेले होते. एखादा तुकडा जाड राहिला तर तळताना त्या जागी चकती फुलत नाही, भोक पडते किंवा काळा डाग येतो.

४. पीठ मळणे

वाटणात स्टार्च एकदम न घालता तीन-चार वेळा घालत मिसळावे आणि मग परातीत काढून मळावे. सुरुवातीला सगळे भुरभुरीत दिसते, आणि नवशिक्या माणूस नेमका इथे पाणी ओततो. ते करू नये. पाच-सात मिनिटे दाबून मळले की कोळंबीचे पाणी सुटते आणि गोळा जमतो. तरीही तडे जात असतील तर छोटा चमचाभर पाणी हाताला लावून मळावे.

कोळंबी आणि पीठ यांचे प्रमाण निम्मे-निम्मे ठेवले तर चव चांगली येते, पण फुलोरा थोडा कमी मिळतो, कारण प्रथिने स्टार्चला पूर्ण पसरू देत नाहीत. एकास दोन केले तर क्रुपुक जास्त फुलतो आणि बाजारच्यासारखा हलका होतो, पण कोळंबीचे पाणी तेवढ्या पिठाला पुरत नाही. अशा वेळी जावातली पद्धत वापरावी: एकूण स्टार्चचा पाचवा हिस्सा पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक खळ होईपर्यंत शिजवावा, आणि ही गरम खळ कोळंबीच्या वाटणासह उरलेल्या कोरड्या स्टार्चमध्ये घालून मळावे. त्याने पीठ बांधले जाते. पहिल्या वेळी मात्र निम्मे-निम्मेच करावे, त्यात चुकायला जागा कमी आहे.

मळलेल्या पिठाच्या वीतभर लांब आणि तीन-चार सेंटिमीटर जाड लोळ्या वळाव्यात. वळताना आत हवेची पोकळी राहू नये म्हणून दाबून दाबून वळावे.

५. वाफवणे

पात्रातले पाणी उकळू लागल्यावरच लोळ्या आत ठेवाव्यात. चाळणीला तेल लावावे किंवा खाली केळीचे पान घालावे, आणि दोन लोळ्यांत बोटभर अंतर सोडावे, कारण त्या फुगतात. झाकणावर जमलेले पाणी लोळ्यांवर ठिबकले तर वरचा थर लिबलिबीत होतो, म्हणून झाकणाला कापड बांधावे. प्रेशर कुकर वापरायचा असेल तर शिट्टी काढून ठेवावी.

एवढ्या जाडीच्या लोळीला ४५ मिनिटे ते तासभर लागतो. बाहेरून ती वीस मिनिटांतच शिजल्यासारखी दिसते आणि पुष्कळांचे क्रुपुक नेमके तिथेच बिघडतात. म्हणून तास होत आला की एक लोळी काढून मधोमध कापावी आणि उजेडात नीट पाहावी. शिजलेला भाग गुलाबीसर, ओलसर आणि किंचित पारदर्शक दिसतो, आणि सुरीला ओढ लागते. न शिजलेला गाभा पांढराफटक असतो, बोटाने दाबला तर पिठूळ लागतो, आणि दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसते. असा नाण्याएवढा गाभा जरी दिसला तरी लोळ्या आणखी पंधरा मिनिटे वाफेवर ठेवाव्यात. या टप्प्यावर पाच मिनिटे जास्त झाली तर काही बिघडत नाही. कमी पडली तर मात्र पुढे कितीही चांगले ऊन मिळाले तरी त्या चकतीचा मधला भाग तेलात दगडासारखा राहतो.

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर, तेरेंगानू राज्यात, वाफवण्याऐवजी लोळ्या उकळत्या पाण्यात सोडतात. क्रुपुकला तिथे करोपोक म्हणतात. ते बहुधा माशाचे असतात, आणि साबूच्या पामाच्या पिठात करतात. त्यांना चालणाऱ्या माशांत ‘इकान पारांग’ म्हणजे आपली करली आहे. काट्यांनी बेजार करणाऱ्या या माशाचा तो उत्तम उपयोग म्हणावा लागेल. उकळलेली लोळी तशीच किंवा तळून खाल्ली तर ती ‘करोपोक लेकोर’, आणि कापून वाळवली तर ‘करोपोक केपिंग’. एकाच पिठातून त्या दिवसाचा नाश्ता आणि पुढच्या महिन्यांची बेगमी अशी दोन्ही कामे होतात.

६. गार करणे आणि कापणे

लोळ्या गार झाल्या की ओल्या न ठेवता, सैल कापडात गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवाव्यात. स्टार्च घट्ट बसायला तेवढा वेळ लागतो. घाईने कोमट लोळी कापली तर सुरीला चिकटून चकत्या फाटतात.

दुसऱ्या दिवशी सुरीला तेलाचा हात लावत दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापाव्यात. जाडी एकसारखी असणे महत्त्वाचे आहे, कारण एकाच ताटातल्या जाड आणि पातळ चकत्या एका वेळी वाळत नाहीत आणि एका वेळी तळूनही होत नाहीत. तीन मिलिमीटरच्या पुढे गेलात तर गाभा फुलण्याची खात्री नाही. लोळी तिरकी कापली तर लांबट चकत्या मिळतात, आणि त्या दिसतातही चांगल्या.

सगळ्या चकत्यांचे वजन करून ते कागदावर लिहून ठेवा.

७. वाळवणे

हा टप्पा सगळ्यांत जास्त बारकाईचा आहे.

कोकणात आणि देशावरही मार्च ते मेचे ऊन याला उत्तम. स्वच्छ सुती कापडावर किंवा जाळीच्या ताटात चकत्या एकमेकींना न लागता पसराव्यात, आणि वरून मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे. पापडांवर कावळे आले तर एखादा पापड जातो. इथे मात्र कोळंबीच्या वासाने माश्या, मांजरे आणि कावळे सगळेच जमतात, आणि माशी बसलेले मासळीचे वाळवण सरळ फेकून द्यावे लागते. दर दोन-तीन तासांनी चकत्या उलटाव्यात, नाहीतर त्या वाटीसारख्या वळतात. संध्याकाळी दव पडण्याआधी वाळवण घरात आणावे. सोसायटीच्या गच्चीवर वाळत घालणार असाल तर आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. वास दोन दिवस दरवळतो आणि सगळ्यांनाच तो प्रिय नसतो.

चांगले ऊन असेल तर दोन दिवस पुरतात. आभाळ आले, हवा दमट झाली तर हट्टाने बाहेर ठेवू नये. ओल्या चकत्यांना एका रात्रीत बुरशी येते. ओव्हन किंवा फळे वाळवण्याचे यंत्र असेल तर ५० ते ६० अंशांवर, हवा खेळती ठेवून वाळवावे. घाईने उष्णता वाढवली तर वरचा थर कडक होऊन आतले पाणी अडकते. चकती बोटांना कोरडी लागते, पण आतून ओली असते. तेरेंगानूच्या किनाऱ्यावर वर्षअखेरीस ईशान्य मोसमी पाऊस असतो तेव्हा उन्हावर अवलंबून असलेल्यांचे काम अडतेच. आपल्याकडे जूननंतर तीच गत होते.

वाळवण झाले की नाही हे कसे ओळखायचे? चकती वाकवली तर ती लवता कामा नये, कट्कन मोडली पाहिजे, आणि मोडलेल्या कडेवर मधोमध गडद, ओलसर रेघ दिसता कामा नये. पण हाताचा अंदाज बसेपर्यंत वजनकाट्यावर विसंबणे चांगले. निम्म्या-निम्म्या प्रमाणाच्या ५०० ग्रॅम ओल्या चकत्या वाळून साधारण ३०० ग्रॅमवर आल्या पाहिजेत. ३५० वर थांबलात तर पाणी जास्त उरले आहे: तेलात ती चकती फुलण्याऐवजी तडतडते, फोड धरते आणि चिवट राहते. उलट २८० च्या खाली गेलात तर वाफ व्हायला पुरेसे पाणीच उरत नाही आणि चकती न फुलता तपकिरी होते. ‘जितके जास्त वाळेल तितके चांगले’ हा आपला वाळवणातला ठोकताळा इथे पुरता लागू पडत नाही. फार वाळलेल्या चकत्या दिवसभर उघड्या हवेवर, जाळीखाली ठेवल्या की पुरेशी ओल परत धरतात. त्यांना पाणी शिंपडण्याच्या भानगडीत पडू नये.

डबा भरण्याआधी एक चकती तळून पाहावी. ती नीट फुलली तरच बाकीच्या भराव्यात, नाहीतर परत उन्हात.

८. तळणे

तळण्याच्या दिवशी चकत्या अर्धा तास पुन्हा उन्हात किंवा कोमट ओव्हनमध्ये ठेवाव्यात, म्हणजे डब्यात वरून धरलेला दमटपणा जातो. कढईत किमान दोन इंच तेल घ्यावे. क्रुपुक फुलून कित्येक पट मोठा होतो आणि त्याला पसरायला तेल आणि जागा दोन्ही हवीत. उथळ तव्यात तो एका बाजूने फुलतो आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहतो.

तेल १८० अंशांच्या आसपास हवे. थर्मामीटर नसेल तर चकतीचा छोटा तुकडा टाकावा. तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत फुलत वर आला तर तेल तयार आहे. तळाशीच बसून राहिला तर थांबावे, आणि वर येताच तांबूस झाला तर आच कमी करावी.

आता तीन-चार चकत्या सोडाव्यात आणि नजर हलवू नये. चकती आधी तळाशी जाते आणि क्षणभर काहीच घडत नाही. मग कडा लवतात, गडद गुलाबी रंगावर पांढरे ठिपके उमटतात, ते एकमेकांत मिसळत कडेकडून मधोमध सरकतात, आणि चकती वळवळत, पसरत वर येते. याच वेळी झाऱ्याने तिला हलकेच तेलात दाबून धरावे, म्हणजे ती वळून बसत नाही आणि मधला भागही फुलतो. हे सगळे आठ-दहा सेकंदांत संपते. रंग पांढरट-गुलाबी असतानाच ती बाहेर काढावी. कोळंबी आणि साखर यांमुळे ती लवकर करपते, आणि कढईबाहेर काढल्यावरही रंग थोडा चढतो. उभी करून तेल निथळू द्यावे.

झारा ओला असू नये, आणि मुलांना कढईपासून लांब ठेवावे. न फुललेल्या चकतीचा तुटलेला तुकडा तेलात राहिला तर तो जळून सगळ्या घाण्याला कडवट वास लावतो, म्हणून मधून मधून तेल गाळून घ्यावे. मोठ्या प्रमाणावर तळणारे जावातले लोक दोन कढया ठेवतात: पहिलीत कोमट तेल, ज्यात चकत्या मऊ होतात, आणि दुसरीत कडकडीत, ज्यात त्या एकदम फुलतात. विकतचे जाड, वेटोळ्यांचे पांढरे क्रुपुक तळताना ही रीत घरीही वापरून पाहावी.

तेल नको असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण शक्तीवर चार-पाच चकत्या अर्धा ते एक मिनिट ठेवल्या तरी फुलतात. पण त्या घशाशी कोरड्या लागतात आणि कोळंबीचा स्वाद मागे पडतो. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरील चिरेबोन येथे तर ‘मलारात’ नावाचे रंगीत क्रुपुक चक्क तापवलेल्या वाळूत भाजून फुलवतात, तेलाचा थेंबही न वापरता. घरी तसे करण्याचा सल्ला मी देणार नाही.

ज्यांना कोळंबी, खेकडा, शेवंड यांची ॲलर्जी आहे त्यांनी क्रुपुक खाऊ नयेच, पण त्याच तेलात नंतर तळलेला बटाटेवडाही खाऊ नये. ॲलर्जी उठवणारे प्रथिन तळणीच्या उष्णतेने नाहीसे होत नाही. घरात शाकाहारी माणसे असतील तर तेल, कढई आणि झारा वेगळा ठेवावा.

९. खाणे

क्रुपुक हा चहाबरोबरचा चाळा म्हणून चालतो, पण त्याची खरी जागा पानात आहे. नासी गोरेंगच्या, म्हणजे परतलेल्या भाताच्या, ताटात तो बाजूला ठेवतात. गादो-गादो, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा दाट रस्सा घातलेला पदार्थ, त्यावर तो चुरून घालतात. सुराबायात रावोन नावाचा गोमांसाचा काळा रस्सा मिळतो. त्यासोबत भात, आखूड मोड आलेले कडधान्य, खारवलेले अंडे, सांबाल आणि कोळंबीचा क्रुपुक असा ठरलेला थाट असतो. रस्सा काळा होतो तो ‘क्लुवाक’ नावाच्या बियांमुळे. गोमांस वर्ज्य असलेल्यांनी आधी चौकशी करावी. दक्षिण सुमात्रातील पालेंबांगला सुरमईच्या जातीच्या ‘तेंगिरी’ माशाचे क्रुपुक करतात, आणि ते गूळ, व्हिनेगर आणि मिरचीच्या ‘चुको’ नावाच्या पातळ, आंबट-गोड-तिखट सारात बुडवून खातात.

साध्या खानावळीत टेबलावर काचेच्या तोंडाचा पत्र्याचा डबा दिसेल. त्यातले क्रुपुक आपणच घ्यायचे असतात, फुकट नसतात, आणि किती घेतले ते पैसे देताना आपणच सांगायचे असते. १७ ऑगस्टला, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी, गल्लोगल्ली क्रुपुक खाण्याची शर्यत लागते: दोरीला टांगलेला क्रुपुक हात मागे ठेवून, नुसत्या तोंडाने संपवायचा. तिथे असाल तर जरूर भाग घ्यावा. दिसते त्यापेक्षा ते पुष्कळ अवघड आहे.

खाताना एक पथ्य पाळावे. वाफाळत्या भातावर किंवा रश्शाच्या वाटीवर तो झाकणासारखा ठेवू नये, वाफेने लगेच सादळतो. बाजूला ठेवून घासागणिक मोडून घ्यावा. आपल्या पानात तो वरणभाताशी जमतो, सोलकढी-भाताशी त्याहून चांगला जमतो. तिखट सार असलेल्या माशाच्या कालवणाशी मात्र नाही, कारण तिथे त्याचा स्वाद लपतो आणि नुसता आवाज उरतो.

१०. साठवण आणि सादळलेल्यांचे काय करावे

वाळलेल्या कच्च्या चकत्या पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात भराव्यात. तीन-चार महिने चांगल्या राहतात. पावसाळ्यात डबा वारंवार उघडू नये, लागतील तेवढ्या एकदम काढाव्यात. डबा उघडताच खवट किंवा अमोनियासारखा वास आला, किंवा चकतीवर लव दिसली, तर तळून वाचवण्याचा प्रयत्न करू नये. परदेशी घेऊन जाणार असाल तर त्या देशाचे नियम आधी पाहावेत. ऑस्ट्रेलियात उतरताना सोबतचे खाद्यपदार्थ जाहीर करावेच लागतात.

तळलेले क्रुपुक त्याच दिवशी संपवावेत. सादळले तर ओव्हनमध्ये १५० अंशांवर तीन-चार मिनिटे ठेवले की बऱ्याच अंशी परततात.

वाळवताना मोडलेले, नीट न फुलणारे, वेड्यावाकड्या जाडीचे तुकडे शेवटी उरतातच. पश्चिम जावात बांदुंगच्या बाजूला त्यांचा ‘सेब्लाक’ करतात: कच्चे क्रुपुक भिजवून किंवा उकळून मऊ करायचे, मिरची, लसूण आणि ‘केन्चुर’ नावाच्या, आल्याच्या कुळातल्या कंदाचे वाटण परतायचे, त्यात अंडे फोडायचे, पाणी घालायचे आणि मऊ झालेले तुकडे सोडून रसदार असतानाच खायचे. केन्चुर भारतात ‘कचोरा’ या नावाने आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात वाळलेला मिळू शकतो, पण त्या नावाखाली दुसरेही कंद विकले जातात. खात्री नसेल तर आले घालावे, चव वेगळी लागेल पण तुकडे सत्कारणी लागतील.